चवदार तळ्यावरचा मनाईहुकूम आणि पीडीएफवरची बंदी



ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने साय-हब हे संकेतस्थळ भारतात बंद करण्याचा आदेश दिला. त्या आठवड्यात आपल्या चळवळीच्या व्हॉट्सॲप गटांवर याबद्दल एक ओळही फिरली नाही. आम्ही विषय काढला, तर एका जुन्या कार्यकर्त्याने सरळ सुनावले, "ॲट्रॉसिटीच्या केसेस पडून आहेत, पोरांची शिष्यवृत्ती अडकली आहे, अन् तुम्ही पायरसीचं काय घेऊन बसलात?" प्रश्न रास्त आहे. त्याला दोन वाक्यांत उत्तर देता आले नाही म्हणून हा लेख लिहीत आहोत.

आधी साय-हब म्हणजे काय ते पाहू. जगभरचे शोधनिबंध मोठ्या प्रकाशन कंपन्यांच्या नियतकालिकांत छापले जातात आणि ते वाचायचे असतील तर एकेका निबंधाला तीस-चाळीस डॉलर मोजावे लागतात. कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यान या तरुणीने २०११ मध्ये हे निबंध सगळ्यांना फुकट मिळतील असे संकेतस्थळ उभे केले. डिसेंबर २०२० मध्ये एल्सेव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी या तीन परदेशी प्रकाशकांनी दिल्लीत दावा लावला. आपल्या देशातल्या वैज्ञानिकांनी आणि विज्ञान संघटनांनी त्यात हस्तक्षेप अर्ज केले आणि हे बंद झाले तर भारतातले संशोधन अडचणीत येईल असे सांगितले. तरीही शेवटी कुलूप लागले.

आता या व्यवहारातली गंमत बघा. शोधनिबंध लिहिणाऱ्याला कंपनी एक पैसाही देत नाही. तो तपासणाऱ्या प्राध्यापकालाही देत नाही. संशोधनाचा खर्च बहुतेक वेळा सरकार करते, म्हणजे तुम्ही-आम्ही करतो. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात बोंडअळीवर संशोधन होते ते जनतेच्या पैशातून. तेच संशोधन परदेशी नियतकालिकात छापून आले, की ज्या कास्तकाराच्या वावरातली बोंडे मोजली गेली त्याच्या कृषी पदवीधर पोरीला ते वाचायला डॉलर लागतात. आमच्या बाबतीत तर याहून वेगळे नाही. समाजशास्त्रात एम.ए. करताना जातीवरचे, धर्मांतरावरचे, वऱ्हाडातल्या बौद्ध वस्त्यांवरचे लेख आम्हाला संदर्भयादीत दिसायचे, वाचायला मिळायचे नाहीत. आमच्याच आया-बायांनी दिलेल्या मुलाखती, आमच्याच वस्तीचे नकाशे, आणि दाराशी पहारेकरी. ग्रंथालयाच्या कपाटात दहा वर्षांपूर्वी बंद झालेल्या नियतकालिकांचे गठ्ठे होते. मग एका सिनिअरने साय-हबचा पत्ता दिला. अमरावती-अकोल्यात पीएच.डी. करणाऱ्या, नेट-सेटची तयारी करणाऱ्या पोरा-पोरींना खाजगीत विचारा, तुम्हाला हेच उत्तर मिळेल. उघडपणे कुणी सांगणार नाही, कारण कायद्याच्या भाषेत हे चोर आहेत.

या कायद्यांचे हात लांब आहेत आणि ते मुद्दाम लांब केले गेले आहेत. ऑक्टोबर २०११ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात सोपा नावाचे विधेयक आले, तिथल्या सिनेटमध्ये त्याचे भावंड पिपा होते. अमेरिकेबाहेरच्या संकेतस्थळावर तिथल्या कंपनीने चोरीचा आरोप केला की त्याचा पत्ता, त्याचा पैसा, त्याच्या जाहिराती सगळे तोडायचे, असा तो बेत. १८ जानेवारी २०१२ रोजी इंग्रजी विकिपीडियाने चोवीस तास स्वतःला काळे फासले, हजारो संकेतस्थळे बंद राहिली, लोकांनी खासदारांचे फोन वाजवून वाजवून हैराण केले. दोन दिवसांत दोन्ही विधेयके गुंडाळली गेली. त्याच महिन्यात युरोपने ॲक्टा या आंतरराष्ट्रीय करारावर सही केली होती. पोलंडमध्ये कडाक्याच्या थंडीत तरुण रस्त्यावर उतरले, मग बाकीच्या युरोपात मोर्चे निघाले, आणि ४ जुलै २०१२ रोजी युरोपीय संसदेने ३९ विरुद्ध ४७८ मतांनी तो करार फेटाळला.

ॲक्टाला भारत सरकारनेही जागतिक व्यापार संघटनेत विरोध केला होता. कारण सिनेमा नव्हता, औषध होते. डिसेंबर २००८ मध्ये भारतातून ब्राझीलला निघालेला लोसार्टन या रक्तदाबाच्या औषधाचा माल नेदरलँड्समध्ये पेटंटच्या नावाखाली अडवला गेला. औषध ना नेदरलँड्सला विकायचे होते, ना भारतात किंवा ब्राझीलमध्ये ते बेकायदेशीर होते. फक्त वाट तिथून जात होती. अशा कायद्यांत 'चोर' कुणाला म्हणायचे हे तिसराच देश ठरवतो, हे तेव्हा दिल्लीला कळले होते. अमेरिकेचे व्यापार खाते आजही दरवर्षी भारताचे नाव बौद्धिक संपदेच्या आपल्या 'अग्रक्रम निगराणी यादी'त टाकते. गावच्या पाटलाने चावडीवर नाव लिहून ठेवावे तसे.

पण बाहेर विरोध करणाऱ्या या देशात, संसदेत चर्चाही न होता, तेच हत्यार न्यायालयाच्या आदेशांतून तयार झाले. २०१२ च्या उन्हाळ्यात एका तमिळ सिनेमाच्या नावाने मद्रास उच्च न्यायालयातून अज्ञात व्यक्तींविरुद्ध आदेश घेतला गेला आणि इंटरनेट कंपन्यांनी त्याच्या आधारे अख्खी संकेतस्थळे बंद करून टाकली. ९ जून २०१२ रोजी मुंबईसह अनेक शहरांत मुखवटे घालून तरुणांनी निदर्शने केली. मुखवट्याच्या हौसेवर आपले लोक हसले. पण त्याच महिन्यात मद्रास न्यायालयाला स्पष्ट करावे लागले की नेमका जो दुवा चोरीचा आहे तेवढाच बंद करा. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनीही अशाच सिनेमांच्या दाव्यांत हीच भूमिका घेतली: आधी एकेक दुवा तपासून पुरावा आणा, सरसकट बंदी मिळणार नाही. मग २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने 'गतिमान मनाईहुकूम' काढला, म्हणजे एकदा संकेतस्थळ बदमाश ठरले की त्याचे नवे नवे पत्ते पुन्हा दावा न लावता बंद करता येतील. २०२३ मध्ये आणखी पुढचे पाऊल पडले. जे सिनेमे अजून तयारच झालेले नाहीत त्यांच्यासाठीही आगाऊ मनाई.

मनाईहुकूम हा शब्द आंबेडकरी माणसाला नवा नाही.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्याआधी १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळाने बोले यांचा ठराव मंजूर केला होता, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले होते, महाड नगरपालिकेनेही तसे जाहीर केले होते. कागदावर तळे उघडे होते. डिसेंबरमध्ये बाबासाहेब पुन्हा महाडला येणार हे कळताच सवर्णांनी लाठीआधी कोर्ट गाठले. त्यांचा दावा होता की तळे स्पृश्यांच्या खाजगी मालकीसारखे आहे, त्याला 'चौधरी तळे' म्हणतात, अस्पृश्यांना तिथे कधीच हक्क नव्हता. १४ डिसेंबर १९२७ ला तात्पुरता मनाईहुकूम मिळाला. बाबासाहेबांनी हजारोंच्या परिषदेत सत्याग्रह स्थगित केला, मनुस्मृती जाळली आणि कोर्टाची लढाई कोर्टात लढली. दोन महिन्यांनी, २३ फेब्रुवारी १९२८ ला, मनाई उठली. मुख्य दावा मात्र मुंबई उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ पर्यंत चालला, तेव्हा कुठे मालकीचा आणि पुरातन वहिवाटीचा दावा कायमचा फेटाळला गेला. दहा वर्षे.

तळे आणि पुस्तक एक नाही, हे आम्हालाही कळते. तळ्याचे पाणी कुणी घाम गाळून लिहिलेले नसते. पण शोधनिबंधाच्या बाबतीत हा फरक फार उरत नाही, कारण ज्याने लिहिले त्याला प्रकाशक काही देतच नाही. सरकारी पैशाने भरलेल्या तळ्यावर खाजगी मालकीची पाटी लावायची, आणि कुणी ओंजळ भरली की तात्पुरता मनाईहुकूम आणायचा. हा डाव महाडच्या माणसांनी आधी पाहिलेला आहे. त्यात 'तात्पुरता' शब्दाची किंमत काय असते हेही आपल्याला ठाऊक आहे. पीएच.डी.ची मुदत पाच-सहा वर्षांची असते, दावा दहा वर्षे चालतो.

आता घरातले उदाहरण घेऊ. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' स्वखर्चाने छापले, १५०० प्रती, आणि त्या दोन महिन्यांत संपल्या. गुजराती-तमिळ भाषांतरे लगेच झाली, इतर भाषांत सुरू होती, आणि दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी ते समाधानाने नोंदवले आहे. त्यांच्या मृत्यूनंतर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे हक्क ठेवला. त्या हिशेबाने बाबासाहेबांची पुस्तके २००६ च्या शेवटी सर्वांची व्हायला हवी होती. पण १९९१ च्या शेवटी रवींद्रनाथ टागोरांवरचा हक्क संपत आला, विश्वभारतीची अडचण झाली, म्हणून सरकारने मुदत साठ वर्षे केली. एका कवीसाठी साऱ्या देशाच्या लेखकांवर दहा वर्षे वाढली आणि बाबासाहेब ३१ डिसेंबर २०१६ पर्यंत कुलपात राहिले. आपल्यातल्या किती जणांना हे माहीत आहे?

गोष्ट इथेही संपत नाही. लेखक वारल्यावर पहिल्यांदा छापलेल्या लेखनाला त्याच कायद्याचे कलम २४ लागते. तिथे साठ वर्षे मृत्यूपासून मोजत नाहीत, प्रकाशनापासून मोजतात. महाराष्ट्र शासनाच्या खंडांमधला 'रिडल्स इन हिंदुइझम' १९८७ मध्ये छापला गेला. म्हणजे कायद्याच्या हिशेबाने तो २०४७ च्या शेवटापर्यंत हक्काखाली आहे. तीच गत बाबासाहेबांच्या हयातीत न छापलेल्या इतर हस्तलिखितांची. आज कुणी बोट दाखवत नाही म्हणून चालले आहे. पण जयंतीला 'रिडल्स'ची पीडीएफ गटावर टाकणारा पोरगा उद्या कुणाच्या मनात आले तर काय ठरेल, याचा विचार करा. आणि हे तेच पुस्तक, ज्याची प्रत जानेवारी १९८८ मध्ये आपल्या अमरावतीत जाळली गेली, ज्याच्यासाठी मुंबईत भीमसैनिकांचा प्रचंड मोर्चा निघाला, आणि ज्याच्यात शासनाने शेवटी 'या मतांशी शासन सहमत असेलच असे नाही' अशा अर्थाची टीप घालून सुटका करून घेतली. जाळणाऱ्यांना तेव्हा एकेक प्रत शोधावी लागत होती.

छापील खंडांचे काय झाले ते तर न्यायालयाच्या दप्तरीच आहे. ९ लाख प्रती छापायचे ठरले, ५ कोटी ४५ लाखांचा कागद घेतला, चार वर्षांत ३३ हजार छापल्या आणि बाकी कागद गोदामात पडून. ही बातमी वाचून २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. या काळात खंड वाचायचे होते त्यांनी काय केले? दीक्षाभूमीच्या स्टॉलवर मिळाला तर घेतला, नाहीतर झेरॉक्स, नाहीतर पीडीएफ. परराष्ट्र मंत्रालयाने बरेच खंड आपल्या संकेतस्थळावर ठेवले, त्याचे श्रेय दिले पाहिजे. पण चळवळीत वाचणारी एक पिढी उभी राहिली ती झेरॉक्सवाल्याच्या आणि पेनड्राइव्हच्या जिवावर, हे कबूल करायला आपण का लाजतो?

झेरॉक्सवाल्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. दिल्ली विद्यापीठातल्या एका छोट्या झेरॉक्स दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी २०१२ मध्ये दावा लावला. विद्यार्थी आणि प्राध्यापक दुकानदाराच्या बाजूने उभे राहिले. १६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती एंडलॉ यांनी निकाल दिला की शिकवण्यासाठी अभ्यासक्रमातले उतारे झेरॉक्स करणे हा गुन्हा नाही, आणि कॉपीराइट हा काही दैवी किंवा नैसर्गिक हक्क नव्हे. २०१७ मध्ये प्रकाशकांनी माघार घेतली. हा निकाल प्रत्येक अभ्यासिकेच्या भिंतीवर लावावा असा आहे. लढले की मिळते, पण विद्यार्थी पक्षकार म्हणून कोर्टात उभे राहिले म्हणून मिळाले.

दुसरी बाजूही पाहा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खालचा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितले. म्हणजे वॉरंटशिवाय अटक, तीन वर्षांपर्यंत कैद. आणि महाराष्ट्राची तर स्वतःची करामत आहे. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आणि अमली पदार्थांचे गुन्हेगार यांच्यासाठी केलेला १९८१ चा एमपीडीए कायदा आपल्या वस्त्यांना चांगला परिचयाचा आहे. २००९ मध्ये त्याच्या यादीत व्हिडिओ पायरेट घातले गेले. खटला न चालवता बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध करता येणाऱ्यांच्या रांगेत सीडी विकणारा पोरगा जाऊन बसला. हिंदी सिनेमाच्या धंद्याचे नुकसान वाचवायला प्रतिबंधक स्थानबद्धता! हा कायदा कोणत्या वस्तीत राबवला जातो आणि कोणत्या कॉलनीत राबवला जात नाही, हे अमरावती-अकोल्याच्या वाचकाला आम्ही सांगायची गरज नाही. ज्या मित्राने "ॲट्रॉसिटी सोडून हे काय" विचारले, त्याला आम्ही पहिल्यांदा हेच सांगितले. पोलिसाच्या हातात आणखी एक कलम गेले, की ते कुणावर चालते?

एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो आपल्याच माणसांकडून येतो. गायक, कवी, शाहीर म्हणतात, "तुम्ही सगळं फुकट करा म्हणता, मग आमच्या गाण्याचं काय?" वामनदादा कर्डकांनी आयुष्यभर गावोगाव फिरून लिहिले आणि गायले. कॅसेटच्या जमान्यात भीमगीतांवर धंदा झाला, पण आमच्या भागातले जुने गायक सांगतात की त्यांच्या हातात एकरकमी थोडे पैसे पडले आणि सही करून सगळे गेले. तेव्हा लुटणारा कोण होता? गल्लीत कॅसेट कॉपी करणारा, की कॉपीराइट लिहून घेणारा?

आमच्या ओळखीच्या एका गायकाने अकोला जिल्ह्यातल्या एका गावातून जयंतीचा कार्यक्रम थेट दाखवला. मध्यरात्रीपर्यंत आवाज गायब. एका कंपनीने त्या गाण्यावर हक्क सांगितला होता. गाणे आपल्याच कवीचे, गळा याचा, पेटी-ढोलकी गावातली. तक्रार करायचा फॉर्म इंग्रजीत, आणि तीनदा चूक ठरली तर खाते बंद ही धमकी. त्याने व्हिडिओ काढून टाकला. यामागे अमेरिकेचा १९९८ चा डीएमसीए कायदा आहे. तक्रार येताच मजकूर काढला तर मंच जबाबदारीतून सुटतो. म्हणून मंच आधी काढतो, मग ऐकतो, आणि ओळखायचे काम यंत्रावर सोपवतो. वॉशिंग्टनमधल्या कायद्याने वऱ्हाडातल्या खेड्यातले भीमगीत मुके झाले. 'आंतरराष्ट्रीय व्याप्ती' हा शब्द याहून सोपा करून सांगता येत नाही.

तेव्हा आम्ही कॉपीराइटच्या विरोधात नाही. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराचा मानधनातला हिस्सा करारानेही काढून घेता येणार नाही असे केले. ती दुरुस्ती आपल्या शाहिरांच्या कामाची आहे आणि तिच्याबद्दल आपण गावोगाव शिबिरे घ्यायला हवी होती. निर्मात्याला पैसे मिळवून देणारा कायदा वेगळा आणि कंपनीला कुलूप देणारा कायदा वेगळा. विरोध दुसऱ्याला आहे.

सरकार म्हणेल, आम्ही सोय केली आहे. केली आहे, खरे आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके. पण ही सोय सरकारी व्यवस्थापनाखालच्या संस्थांना आहे. आपल्या अमरावती विभागातली बहुतेक महाविद्यालये शिक्षणसंस्थांनी चालवलेली आहेत. ज्याची पीएच.डी. संपली, जो तासिका तत्त्वावर शिकवतो, जी वस्तीत काम करते आणि कुठल्याच संस्थेच्या हजेरीपटावर नाही, त्यांना काय? शिवाय ते ६,००० कोटी जातात कुणाला? त्याच प्रकाशकांना, ज्यांनी दिल्लीत दावा लावला तेही त्यात आले. दुसऱ्या बाजूला अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याची फेलोशिप महिनोन्महिने येत नाही म्हणून पोरे उपोषणाला बसतात.

आम्ही काही कार्यकर्ते एक निवेदन तयार करत आहोत. या योजनेत खाजगी अनुदानित महाविद्यालये, सार्वजनिक वाचनालये आणि समाज कल्याणची वसतिगृहे घ्यावीत. सरकारी पैशातून झालेले संशोधन ठरावीक महिन्यांत सर्वांना खुले करणे बंधनकारक करावे. महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या सर्व खंडांबाबत, मरणोत्तर छापलेल्या लेखनासह, संबंधित हक्कदारांशी बोलून ते कुणालाही छापता आणि वाटता येतील असे लेखी जाहीर करावे, २०४७ ची वाट पाहू नये. एमपीडीएच्या यादीतून व्हिडिओ पायरेट हा शब्द काढावा. वकील मित्रांनी साय-हबच्या आदेशाविरुद्ध विद्यार्थ्यांच्या वतीने काय करता येईल ते तपासावे. कायदा शिकलेली इतकी मुले आता आपल्याकडे आहेत, पण बौद्धिक संपदा या विषयाकडे त्यातले फार थोडे वळतात. निवेदनात काही चुकले असेल, काही राहिले असेल तर कळवा. ६ डिसेंबरच्या आधी सह्या गोळा करायच्या आहेत, अमरावतीत इर्विन चौकात आणि अकोल्यात अशोक वाटिकेजवळ आम्ही संध्याकाळी टेबल टाकून बसू.